तोफेच्या तोंडच्या त्या चित्राला चित्रकाराचे नाव द्या

1857 वर पुस्तके काढणारे प्रकाशक व संपादक, शालेय पुस्तकांसाठी चित्रे निवडणारी मंडळी आणि ठिकठिकाणी प्रदर्शनांचे फलक तयार करणारे आयोजक यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र लिहायला निमित्त झाले ते एका मुखपृष्ठाचे. 1857 च्या उठावावर नुकतेच एक मराठी पुस्तक आले. मजकूर मेहनतीने लिहिलेला आहे, तळटीपा चोख आहेत. मुखपृष्ठावर मात्र ते नेहमीचे चित्र: तोफांची रांग, तोफांच्या तोंडाला पाठ लावून बांधलेली माणसे, शेजारी पांढऱ्या हेल्मेटमधले गोरे सैनिक. आकाशात संगणकाने लाल रंग ओतलेला. आणि आत, शीर्षकाच्या पानामागे, बारीक अक्षरांत लिहिले आहे, ‘मुखपृष्ठ: 1857 सालचे दुर्मीळ छायाचित्र’.

मी प्रकाशकांना कळवले की हे छायाचित्र नाही आणि 1857 सालचे तर नाहीच. वासिली वेरेश्चागिन नावाच्या रशियन चित्रकाराने 1884 च्या सुमारास रंगवलेले हे तैलचित्र आहे. फोनवर उत्तर मिळाले, ‘‘सर, नेटवर असंच दिलेलं असतं. आणि फोटो काय, पेंटिंग काय, घटना तर खरी आहे ना?’’ पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती कराल का, असे विचारले, तर ‘‘बघू’’ म्हणाले.

त्या प्रकाशकांचे नाव इथे घेत नाही, कारण गोष्ट एकट्या त्यांची नाही. हेच चित्र मी दिनदर्शिकांत पाहिले आहे, शाळांच्या भिंतींवर पाहिले आहे, क्रांतिदिनाच्या प्रदर्शनांत आणि स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत पाहिले आहे. चित्रकाराचे नाव जवळपास कुठेच नसते. म्हणून ‘घटना तर खरी आहे ना’ या प्रश्नाचे उत्तर मी आपणा सर्वांना मिळून देत आहे, तेही चारचौघांत.

आधी माझा संबंध सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात मी चित्रकला शिकवून निवृत्त झालो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुले बसवणे, वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांत माझी नोकरी गेली. वेरेश्चागिनची ओळख मात्र नोकरीच्या खूप आधीची. घरी ‘सोव्हिएत देश’ हे नियतकालिक यायचे. त्याचा गुळगुळीत कागद वह्यांना कव्हर घालायला आमच्या पिढीने घरोघरी वापरला. माझ्या भूगोलाच्या वहीवर जे पान आले त्यावर उजाड माळ होता, माळावर माणसांच्या कवट्यांचा उंच ढीग आणि त्यावर कावळे. आईने ते कव्हर काढून उलटे घालायला लावले. मी ते आतल्या बाजूने रोज बघायचो. त्या ढिगाची प्रत्येक कवटी वेगळी आहे, काहींवर वार झाल्याची चीर आहे, एकीचेही तोंड दुसरीसारखे नाही. 1871 सालच्या या चित्राच्या चौकटीवर चित्रकाराने लिहून ठेवले आहे की हे चित्र सर्व थोर विजेत्यांना अर्पण, झालेल्या, असलेल्या आणि होणाऱ्या. वेरेश्चागिनचे नाव मला त्या पानाने पाठ झाले.

दुसरा संबंध साताऱ्याचा. आमच्या गेंडामाळावर 8 सप्टेंबर 1857 रोजी सतरा जणांना मारण्यात आले. पाच जणांना फाशी, सहा जणांना गोळ्या आणि सहा जणांना तोफेच्या तोंडी दिले. छत्रपतींचे राज्य परत मिळावे म्हणून लंडनपर्यंत जाऊन भांडलेल्या रंगो बापूजींचा मुलगा सीताराम त्या सतरांत होता. मुंबईत आजच्या आझाद मैदानाच्या जागी 15 ऑक्टोबर 1857 रोजी सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोन शिपायांना तोफांना बांधून उडवले. कोल्हापुरात 27 व्या पलटणीने 31 जुलैला बंड केले, त्यानंतर तिथेही हीच शिक्षा झाली. हे सगळे नोंदलेले आहे. कोणी नोंदले? ज्यांनी शिक्षा दिली त्यांनीच. लपवायचे त्यांना काही नव्हते, उलट लोकांनी पाहावे म्हणूनच ते उघड्या मैदानावर केले गेले.

तेव्हा घटना खरी आहे यात शंकाच नाही. पण म्हणूनच तिला खोट्या छायाचित्राचा आधार द्यायची गरज नाही. आपण छायाचित्र म्हणून जे छापता ते छायाचित्र नाही, हे शोधायला आज कोणालाही दोन मिनिटे पुरतात. ज्याला या शिक्षा झाल्याच नाहीत असे म्हणायचे आहे, तो मग एवढेच म्हणेल की पुरावाच खोटा निघाला. वाचणाऱ्या मुलाच्या मनात संशय राहील तो साऱ्या प्रकरणाबद्दल. साताऱ्याच्या सतरा माणसांचे यात नुकसान आहे. ज्याने ते चित्र काढले त्याचेही आहे.

आता आपल्या चुका एकेक करून सांगतो. रागावून नाही, पण आडपडदा न ठेवता.

पहिली चूक सालाची. चित्रातल्या सैनिकांचे गणवेश बघा. ते 1857 चे नाहीत, चित्रकार हिंदुस्थानात फिरला त्या काळातले, म्हणजे उठावानंतर दोन दशकांनंतरचे आहेत. वेरेश्चागिन 1842 साली जन्मला. मीरत पेटली तेव्हा तो पीटर्सबर्गच्या नौदल शाळेत शिकणारा पोरगा होता. हिंदुस्थानात तो पहिल्यांदा आला 1874 साली. त्याच्या दोनच वर्षे आधी, 17 आणि 18 जानेवारी 1872 रोजी, पंजाबात मलेरकोटल्याला साठाहून अधिक नामधारी शिखांना, ज्यांना कूका म्हणत, तोफांच्या तोंडी दिले होते. कोवन या इंग्रज अधिकाऱ्याने खटला न चालवता पहिल्या दिवशीचे हुकूम दिले आणि पुढे त्याची नोकरी गेली. वेरेश्चागिन आला तेव्हा हा विषय ताजा होता. पुष्कळ जाणकार हे चित्र कूकांचे मानतात, बरेच जण 1857 चे. माझे मत असे की त्याने एका विशिष्ट दिवसाचे चित्र काढलेलेच नाही. राज्य ज्या रीतीने बंड मोडते, ती रीत त्याने काढली. आपले मत वेगळे असू शकते. पण ‘1857’ असा एक आकडा खाली टाकला की मलेरकोटल्याची माणसे एका फटक्यात पुसली जातात, याचा विचार व्हायला हवा.

त्या काळातली छायाचित्रे हवीच असतील तर ती आहेत. फेलिचे बिआतो 1858 साली लखनऊ-कानपूर-दिल्लीत कॅमेरा घेऊन फिरला. लखनऊच्या सिकंदर बागेच्या अंगणात हाडे पसरलेली आहेत, असे त्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. तिथली लढाई होऊन तेव्हा कित्येक महिने लोटले होते, आणि ती हाडे कॅमेऱ्यासाठी मांडलेली होती असे मानले जाते. म्हणजे खऱ्या छायाचित्राखालीसुद्धा दोन ओळींची माहिती द्यावी लागते. मग रंगवलेल्या चित्राखाली काहीच नको, हे कसे?

दुसरी चूक माझ्या लेखी सर्वांत मोठी आहे, आणि ती नीट समजावी म्हणून हा माणूस कोण होता ते थोडे सांगायला हवे.

वेरेश्चागिन जहागीरदार घरातला, चेरेपोवेत्स गावचा. नौदलाच्या शाळेतून पहिल्या नंबराने बाहेर पडला आणि घरच्यांचे मन मोडून पीटर्सबर्गच्या शाही कला अकादमीत गेला. ती अकादमी म्हणजे ग्रीक-रोमन कथांची शिस्त. विषय ठरलेला, हावभाव ठरलेले, पदकेही ठरलेली. ओडिसियस आपल्या बायकोच्या मागे लागलेल्यांना ठार मारतो, या विषयावर त्याने मोठे चित्र केले, त्याचे कौतुक झाले आणि त्याने ते स्वतः जाळून टाकले. पुढे पॅरिसला जेरोमकडे शिकला. जेरोमही अकादमीच्याच परंपरेतला, पण रेखाटनाला पक्का. अकादमीने शिकवलेले सगळे त्याच्या हातात राहिले: शरीराची बांधणी, यथादर्शन, मोठ्या कॅनव्हासवर पन्नास माणसे उभी करण्याची हिंमत. विषय मात्र त्याने पुराणांतून काढून आपल्या डोळ्यांसमोरच्या युद्धांकडे वळवले.

आणि तो युद्धाच्या बाहेर उभा राहून बोलणारा नव्हता. 1867 साली जनरल काउफमानच्या फौजेबरोबर मध्य आशियातल्या तुर्कस्तानात गेला. ती जिंकायला निघालेली फौज होती आणि तो तिच्यातलाच एक होता, हेही लिहिले पाहिजे. 1868 च्या समरकंदच्या वेढ्यात तो स्वतः बंदूक घेऊन लढला आणि त्याला सेंट जॉर्ज क्रॉस मिळाला. आयुष्यात स्वीकारला तेवढाच सन्मान. पण परत येऊन त्याने विजयाचे सोहळे रंगवले नाहीत. रणात टाकून दिलेला रशियन शिपाई आणि त्यावर उतरणारे पक्षी, असे एक चित्र केले. 1874 च्या पीटर्सबर्गच्या प्रदर्शनात काउफमानने त्याच्यावर सैन्याची बदनामी केल्याचा आरोप केला. वेरेश्चागिनने ते आणि आणखी दोन, अशी तीन चित्रे जाळली, प्रदर्शन संपायची वाट न बघता देश सोडला आणि हिंदुस्थानची वाट धरली. मागे राहिलेली मालिका पावेल त्रेत्याकोव्ह या चित्रसंग्राहकाने 92,000 रूबलला घेतली.

इथे आपल्या मुंबईचा संबंध येतो, आणि मला वाईट याचे वाटते की तो कुठल्याही मराठी पुस्तकात मला दिसत नाही. वेरेश्चागिन इकडे असताना तिकडे अकादमीने त्याला प्राध्यापकाची पदवी दिली. त्याने उत्तर पाठवले ते ‘गोलोस’ या वर्तमानपत्राला. कलेतल्या सगळ्या पदव्या आणि मानमरातब निखालस घातक आहेत असे मी मानतो, म्हणून ही पदवी साफ नाकारतो, एवढाच मथितार्थ. खाली सही आणि ठिकाण: मुंबई, 1/13 ऑगस्ट 1874. दोन तारखा यासाठी की रशियाचे पंचांग बारा दिवस मागे होते. एक-दोन ओळींच्या त्या पत्राने पीटर्सबर्गमध्ये खळबळ उडाली. अकादमीच्या एका सदस्याने तर ही चित्रे त्याने एकट्याने काढलीच नाहीत, म्युनिकच्या चित्रकारांकडून करून घेतली, असा आरोप छापला. म्युनिकच्या कलावंतांनी तो खोडून काढला. जगातल्या एका बलाढ्य राजाच्या अकादमीला ज्या पत्राने नकार दिला, त्यावर आपल्या शहराचे नाव आहे. जे. जे. च्या विद्यार्थ्याला हे पहिल्या वर्षी सांगायला नको का?

मुंबईत त्याने अग्निपूजक पारशी धर्मगुरूचा अभ्यास रंगवला, एका बनियाचाही. पुढे आग्रा, दिल्ली, काश्मीर, लडाख, सिक्कीम. इंग्रज अधिकारी त्याला हेर समजून त्याच्यावर नजर ठेवत. 1875 च्या जानेवारीत कांचनजंगाच्या बाजूला चढताना तो आणि त्याची पत्नी गारठून मरता मरता वाचले. या प्रवासातली चित्रे आकाराने लहान आहेत. त्याचा ताजमहाल बघा: नदीपलीकडून घेतलेला, साधारण वहीचे उघडे पान मावेल एवढा कॅनव्हास, दुपारचे पांढरे ऊन आणि पाण्यात पडलेला घुमट. संगमरवर पांढरा काढायचा म्हणून त्याने पांढरा थापलेला नाही. सावलीत निळसर आणि उन्हात पिवळट असे दोन रंग शेजारी ठेवले आहेत, आणि पांढरा आपल्या डोळ्यात तयार होतो. इंटरमिजिएटच्या मुलांना मी हे चित्र दाखवायचो तेव्हा ती पहिल्यांदा म्हणायची, ‘‘सर, हे ऊन आपल्याकडचं आहे.’’ युरोपातल्या चित्रकारांना आपले ऊन सहसा जमलेले नाही. त्यांचा हिंदुस्थान संध्याकाळी सोनेरी होतो. याचा दुपारी बारा वाजता भाजतो.

हे ऊन पकडून न्यावे म्हणून त्याने पॅरिसजवळ मेझों-लाफित इथे जो स्टुडिओ बांधला, त्यात एक उघडी चित्रशाळा रुळांवर होती. सूर्य सरकेल तशी ती फिरवायची आणि मॉडेलवर दिवसभर एकाच कोनातले ऊन ठेवायचे. तोफांच्या चित्रातला उजेड त्यातून आला आहे. आता ते चित्र, लाल आकाश काढून टाकून, पुन्हा बघा. त्यात रक्त नाही. धूर नाही. कोणी ओरडत नाही, घोडा उधळलेला नाही. सैनिक आपल्या जागी सरळ उभे आहेत. पुढचा माणूस दाढीवाला, त्याची मान ढळली आहे, आणि त्याच्या मागे पुढची तोफ, तिच्यापुढे पुढचा माणूस, अशी रांग लांब जाते. बत्ती अजून लागलेली नाही. सगळी क्रूरता त्या शिस्तीत आणि त्या लख्ख उजेडात आहे. हे समजून घेतले तर त्यावर लाल रंग ओतायला हात धजणार नाही. चित्रकाराने जे हट्टाने टाळले तेच आपण त्याच्या चित्रावर चढवता, आणि त्याला न विचारता, त्याचे नावही न देता.

तर ती मोठी चूक. हे चित्र एकटे नव्हतेच. वेरेश्चागिनने मृत्युदंडाची तीन चित्रे केली आणि ती एकत्र मांडली, 1887 साली लंडनला आणि 1888 साली न्यूयॉर्कला. पहिले, रोमनांनी दिलेला क्रूस. दुसरे, इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिलेले हिंदी बंडखोर. तिसरे, पीटर्सबर्गच्या बर्फात झार अलेक्झांडर दुसऱ्याला मारणाऱ्या क्रांतिकारकांची फाशी. तीन साम्राज्ये, तीन रीती. तिसरे साम्राज्य त्याचे स्वतःचे होते. झारच्या रशियात ते चित्र लावायची सोय नव्हती, तरी त्याने ते काढले. लंडनमध्ये, ज्यांच्या राज्यात हे घडले त्यांच्याच समोर, त्याने तोफांचे चित्र लावले, आणि शेजारी आपल्या देशाचा फाशीचा खांबही उभा केला, म्हणजे कोणाला असे म्हणता येऊ नये की हा रशियन इंग्रजांशी वैर म्हणून बोलतो आहे.

आपण त्यातले मधले एक उचलता आणि बाकीची दोन टाकून देता. उरते ते एवढेच की इंग्रज क्रूर होते. ते होतेच. पण वेरेश्चागिनचे म्हणणे त्याहून मोठे होते आणि आपल्या मुलांच्या कामाचे होते. कोणतीही सत्ता, मग ती आपलीही असो, शिक्षा जाहीर मैदानात करून दाखवते तेव्हा तिला नेमके काय हवे असते, हा प्रश्न वर्गात विचारायला ही तीन चित्रे शेजारीशेजारी लावणे पुरेसे आहे. मी लावून पाहिली आहेत. आठवीच्या मुलांनाही तो प्रश्न कळतो. एका मुलीने विचारले की तोफेच्या तोंडी देण्याची रीत तर आपल्या राजेरजवाड्यांच्या काळातही होती ना? होती, मोगलांकडे होती, मराठ्यांकडेही होती. हे उत्तर देताना मला अडचण वाटली नाही. चित्रच तसे उत्तर द्यायला शिकवते.

तिसरी चूक दंतकथेची. ‘हे चित्र इंग्रज सरकारने विकत घेऊन जाळून टाकले’ असे वाक्य आपल्याकडे ठामपणे छापले जाते. याला पुरावा नाही. 1891 च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला वेरेश्चागिनच्या चित्रांचा लिलाव झाला, त्यात हेही विकले गेले, आणि आज मूळ चित्र कुठे आहे ते माहीत नाही. आपण छापतो त्या त्याच्या जुन्या प्रतिकृती. त्याच तिघांतले क्रूसाचे चित्र कित्येक वर्षे ब्रुकलिनच्या संग्रहालयात होते. म्हणजे एखाद्या घरात, एखाद्या गोदामात तोफांचे चित्रही गुंडाळून पडलेले असण्याची आशा अजून ठेवता येते. जळाले म्हणून छापले की शोधच संपतो. त्याच्या चित्रांवर हल्ले झाले नाहीत असे नाही. 1885 साली व्हिएन्नात त्याच्या ख्रिस्ताच्या चित्रांवर ॲसिड फेकले गेले. खरे एवढे असताना खोट्याची भर कशाला?

चौथी गोष्ट तक्रारीपेक्षा खंत म्हणा. वेरेश्चागिनचे एक भव्य चित्र आपल्या देशातच आहे. 1876 साली प्रिन्स ऑफ वेल्स जयपुरात आला त्या मिरवणुकीचे, शृंगारलेल्या हत्तींचे, कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये. इंग्रजी सत्ता हिंदुस्थानात कशी रुजली, यावर त्याला एक मोठी मालिका करायची होती. ती पुरी झाली नाही. हत्तींवर बसलेले इंग्रज आणि संस्थानिक, आणि तोफांना बांधलेली माणसे, ही दोन्ही त्याच विचारातून निघाली आहेत. या दोन चित्रांना समोरासमोर छापणारे एकही मराठी पान मी पाहिलेले नाही. माझ्या पाहण्यात राहून गेले असेल तर जरूर कळवा, मला आनंदच होईल.

हा माणूस शेवटपर्यंत डोळ्यांनी बघायच्या आग्रहावर टिकून राहिला. 1877 च्या रशिया-तुर्की युद्धात डॅन्यूब नदीवर तो जखमी झाला, त्याचा भाऊ सेर्गेई प्लेव्हनाच्या लढाईत मारला गेला. बरा होऊन पुन्हा आघाडीवर गेला. 13 एप्रिल 1904 रोजी पोर्ट आर्थरजवळ ‘पेत्रोपाव्लोव्स्क’ युद्धनौका जपानी सुरुंगावर आदळून बुडाली, तेव्हा ॲडमिरल मकारोव्हबरोबर एकसष्ट वर्षांचा वेरेश्चागिनही बुडाला. तिथे तो चित्रे काढायलाच गेला होता. ज्याने पाहिल्याशिवाय काढायचे नाही म्हणून जीव दिला, त्याचे न पाहता रचलेले एक चित्र आपण पाहिलेल्या प्रसंगाचा फोटो म्हणून खपवतो आहोत. तोफांची शिक्षा त्याने स्वतः पाहिलेली नव्हती. ते त्याचे विधान आहे, विचारपूर्वक केलेले, आणि विधान करणाऱ्याचे नाव विधानाबरोबरच जायला हवे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

हे चित्र पुढे कुठेही छापताना चित्रकाराचे नाव आणि साल द्या. ‘छायाचित्र’ हा उल्लेख सध्याच्या साठ्यातही पट्टी चिकटवून दुरुस्त करा. प्रकाशन व्यवसायात चूक दुरुस्तीच्या पट्ट्या काही नव्या नाहीत. चित्र कापू नका, त्यावर रंग चढवू नका. ‘इंग्रजांनी जाळले’ हे वाक्य काढून टाका. शालेय पुस्तकांसाठी चित्रे निवडणाऱ्यांना विनंती की हे चित्र घेणार असाल तर शेजारी लहान आकारात बाकीची दोन घ्या, आणि जागा नसेल तर तिन्हींचा उल्लेख तरी करा. 1857 च्या धड्याला महाराष्ट्रातला पुरावा हवा असेल तर साताऱ्याच्या, कोल्हापूरच्या आणि मुंबईच्या नोंदी छापा, माणसांच्या नावांसह. चित्राला पुराव्याचे काम करायला लावू नका. आणि कला महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात ज्यांचा शब्द चालतो त्यांनी वेरेश्चागिनचे मुंबईचे पत्र मराठीत आणून पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हाती द्यावे. पान अर्धेही लागणार नाही.

जागेची अडचण सांगितली जाईल म्हणून चित्राखालचा मजकूर मीच तयार करून देतो. जसाच्या तसा वापरा, माझे नाव घालायची गरज नाही:

‘इंग्रजांनी केलेला हिंदी बंडाचा बीमोड. तैलचित्र, सुमारे 1884. चित्रकार: वासिली वेरेश्चागिन (1842–1904), रशिया. मृत्युदंडावरील तीन चित्रांपैकी एक. इतर दोन रोमन क्रूस आणि रशियातील फाशी यांवर. गणवेश 1857 नंतरच्या काळातील. मूळ चित्राचा ठावठिकाणा अज्ञात, येथे जुन्या प्रतिकृतीवरून.’

सुरुवातीला ज्यांच्या मुखपृष्ठाबद्दल लिहिले, त्यांना हा मजकूर मी आधीच पाठवला आहे. त्यांच्या दुसऱ्या आवृत्तीची मी वाट पाहतो आहे. आपणापैकी ज्यांचे काम सध्या छपाईला आहे त्यांनी चित्राचे पान तेवढे थांबवावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक, जि. सातारा